जंत नव्हे, जंतू

दिनांक १० फेब्रुवारी २०२५ रोजी वडीगोद्रीच्या मच्छिंद्रने कचरूच्या किराणा दुकानातून तीनशे पंचाहत्तर रुपयांचे फुटाणे घेतले, आणि त्यातला एक दाणाही स्वतः खाल्ला नाही. गावात कोणाला सांगितलं तर हे पटणार नाही. मच्छिंद्रच्या हाताशी खाण्याचा पदार्थ यावा आणि तो तसाच राहावा, असं त्याच्या जन्मापासून कधी घडलं नव्हतं. पाळण्यात असताना त्याला खुळखुळा दिला, तर त्याने तो आधी चावून पाहिला, असं त्याची आई दुर्गाबाई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मच्छिंद्र महामार्गालगतच्या वजनकाट्यावर कामाला आहे. उसाचे ट्रॅक्टर आणि कापसाचे ट्रक काट्याच्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढतात, खोलीतल्या डब्यावर लाल आकडे उमटतात आणि मच्छिंद्र पावती फाडतो. काम चोख. हिशेबात आजवर एका पैशाचा फरक नाही. तक्रार एकच, आणि ती ड्रायव्हर लोकांची. वजन चालू असताना मच्छिंद्र प्लॅटफॉर्मवर नाही ना, हे ते वाकून पाहतात.

"मच्छिंद्रभाऊ, जरा खाली उतरा. माझा ऊस तुमच्यासकट मोजून राह्यले का?"

मच्छिंद्र हसतो. एकदा काटा मोकळा असताना तो स्वतः चढून उभा राहिला होता. हा काटा दहा-दहा किलोनेच बोलतो, मधलं त्याला काही समजत नाही. आकडा आला एकशे दहा. "राउंड फिगर," असं म्हणून तो समाधानाने उतरला होता.

तर फुटाण्यांचं प्रकरण सुरू झालं ते भाचीमुळे. मच्छिंद्रची थोरली बहीण जालन्यात मस्तगडला दिलेली. तिची मुलगी आकांक्षा आहारशास्त्र शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रबंधाला विषय घेतला होता, लठ्ठ माणसांनी रोज बदाम-अक्रोड-पिस्ते खाल्ले तर त्यांच्या आतड्यातल्या जंतूंमध्ये काय फरक पडतो. त्यासाठी तिला वीस वजनदार माणसं हवी होती. वजनदार माणसांची जालन्यात टंचाई नाही. फुकट बदाम म्हटल्यावर चाळीस जण गोळा झाले. पण सुरुवातीला एकदा आणि दोन महिन्यांनी एकदा, सकाळची तपासणीची डबी भरून द्यायची आहे, असं सांगितल्यावर एकोणीस उरले. विसावा काही केल्या मिळेना. तिच्या मॅडमनी बजावून ठेवलं होतं, वीस पुरे झाले तर प्रबंध, नाहीतर पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

तेव्हा तिला मामा आठवला.

तिचा फोन आला तेव्हा वडीगोद्रीत रात्रीची जेवणं चालली होती. मच्छिंद्रचा हात भाकरीत गुंतलेला, म्हणून त्याची बायको वंदना हिने फोन स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला.

"मामा, तुमच्या पोटातले जंतू मोजायचेत मला."

"मोज की. कधी येऊ?"

"काय मोजायचंय?" चुलीपाशी बसलेल्या दुर्गाबाईने विचारलं. तिला ऐकू येतं, पण शब्दाचं शेपूट तेवढं येत नाही.

"जंतू गं आजी, पोटातले."

"जंत!" दुर्गाबाईने कपाळाला हात लावला. "मला वाटतच व्हतं! एवढं खातं लेकरू, जातं कुठं?"

"माय, जंतानं माणूस वाळतो," मच्छिंद्र म्हणाला. "मी काय वाळलेला दिसून राह्यलो का?"

"तू कुठं जाड हायेस? तू हायेस तेवढाच. आतले जंत जाड झालेत."

वंदनाने पदर तोंडाला लावला.

"आजी, जंत नाही, जंतू! जंतू वेगळे," फोनमधून आकांक्षा ओरडत होती.

"वेगळे म्हंजे? जंतू म्हंजे जंताचं पिल्लू. मंग तर आत्ताच मारावं, मोठं व्हायच्या आधी."

त्या रात्री प्रकरण तिथेच थांबलं, कारण फोनची बॅटरी संपली. पण दुर्गाबाईची संपली नव्हती.

आकांक्षाने पहिल्या आठवड्याच्या पुड्या एसटीच्या कंडक्टरकडून पाठवल्या. रोज एक पुडी. मामाने मूठभर म्हणजे किती, असं विचारलं होतं आणि स्वतःची मूठ व्हिडिओवर दाखवली होती, तेव्हापासून तिने वजन करूनच पुड्या बांधायचं ठरवलं. नियम तीन. पुडी रोज पूर्ण खायची. बाकीचं खाणं नेहमीसारखं ठेवायचं. आणि अँटिबायोटिक, जंताचं औषध, जुलाबाचं औषध यांतलं काहीही घ्यायचं नाही. "मामा, एकदा जुलाब झाले की मोजायचं तेच वाहून जाईल. मग तुम्ही बाद, आणि तुमच्याबरोबर मीपण."

"तू काळजी नको करू," मच्छिंद्र म्हणाला. "खायचं काम हाय ना? मंग ते माझ्यावर सोड. आपुन शब्द दिला म्हंजे दिला."

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याच्याकडे शिक्षणाच्या कामासाठी काही मागितलं होतं, आणि तेही त्याला येत असलेलं.

अडचण पहिल्याच सकाळी आली. त्याने घरात पुडी उघडली आणि दुर्गाबाईने ती काढून घेतली.

"माझ्या लेकरांना म्या शेंगदाणे मोजून दिले, अन् ही पोरगी जंतांना अक्रोड चारून राह्यली! उपाशी ठेव त्यांना. मरतील आपोआप."

म्हणून मच्छिंद्र पुडी काट्यावर नेऊन खाऊ लागला. तिथे दुसरी अडचण होती, आणि ती आईपेक्षा अवघड. आपल्याकडे चारचौघांत एकट्याने तोंड हलवता येत नाही. समोर माणूस आला की "या, घ्या थोडं" म्हणावंच लागतं. अर्थात ऐकणाऱ्यानेही "होऊ द्या, होऊ द्या" म्हणून हात जोडायचे असतात. अर्धं वाक्य खाणाऱ्याचं, अर्धं पाहणाऱ्याचं. या एका रिवाजावर मराठवाड्यातली अर्धी जेवणं वाचलेली आहेत. पण महामार्गावर देशभरातले ड्रायव्हर येतात. त्यांना दुसरं अर्धं माहीत नसतं. मच्छिंद्र म्हणायचा "घ्या", आणि ते घ्यायचे.

आणि गावातलाच एक माणूस असा होता, ज्याला ते माहीत असूनही उपयोग नव्हता. ते म्हणजे काट्याचे मालक, कारभारी नाना. नावाने कारभारी आणि वृत्तीनेही. काट्यावरच्या माठातलं पाणीसुद्धा कोण किती पितं, यावर त्यांचं लक्ष. साठी उलटली, पण "होऊ द्या" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने "आणखी?" म्हणण्याआधी त्यांचं ताट पुढे आलेलं असायचं.

"काय खाऊन राह्यला, मच्छिंद्र?"

"बदाम हायेत नाना. औषधाचे. घ्या थोडं."

"औषध म्हणतोस तर घ्यावंच लागंल," असं म्हणत नाना पिस्ते वेचून घ्यायचे. अक्रोड कडू लागतो, म्हणून तो मच्छिंद्रला ठेवायचे.

आठवड्याने आकांक्षाने फोन करून विचारलं, "मामा, रोज पुडी पूर्ण खाता ना?" मच्छिंद्रला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना त्याला भूक लागते.

"पूर्ण म्हंजे... पुडी पूर्ण संपते, हे खरं."

सगळं ऐकून ती म्हणाली, "मामा, जालन्यात माझी एकोणीस माणसं खातायत, आणि वडीगोद्रीत अख्खा महामार्ग! हा आठवडा बाद. उद्यापासून नव्याने धरते. पण ही शेवटची संधी. पुन्हा चुकलं तर माझं वर्ष गेलं."

मच्छिंद्रने त्या संध्याकाळी भाकरी दीडच खाल्ली. वंदनाने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"फुटाणे ठेवा समोर," सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली. "लोकांना 'घ्या' म्हणायचंय ना? मंग फुटाणे घ्या म्हणा. बदाम खिशात ठेवा."

म्हणून ते फुटाणे. कचरूने अडीच किलो तोलून दिले आणि विचारलं, "बारसं हाय का कोणाचं?"

"न्हाई. आकांक्षाचा अभ्यास हाय. मला रोज नट खायचेत."

"नट?" कचरू म्हणाला. "मंग इथं कशाला आला, हार्डवेअरला जा ना. तुझ्या मापाचे नट ट्रॅक्टरवाल्याकडं भेटतील."

पैसे मच्छिंद्रने तीनशे तीस दिले. सुटे नव्हते.

युक्ती लागू पडली. टेबलावर परातभर फुटाणे आणि शर्टच्या खिशात पुडी. ड्रायव्हर खूश, रिवाज खूश. फक्त नानांची मोटरसायकल लांबून ऐकू आली की मच्छिंद्र उरलेले सगळे बदाम एकदम तोंडात कोंबायचा. अशा वेळी कोणी वजन विचारलं तर "हुं हुं हुं" एवढंच ऐकू यायचं. बदनापूरकडच्या एका ड्रायव्हरने तर हळहळून विचारलं होतं, "भाऊ, तुम्ही पहिल्यापासून मुके हायेत का?"

फेब्रुवारी असा गेला. मार्चही अर्धा सरला. इकडे दुर्गाबाई गप्प होती, आणि दुर्गाबाई गप्प असणं हे घरात कोणी मनावर घ्यायला हवं होतं.

एका सकाळी तिने कामावर निघालेल्या मच्छिंद्रच्या हातात फडक्यात बांधलेला लाडू ठेवला. लाडू म्हणजे जवळजवळ नारळच. खारीक, गूळ, वरून तुपाचा वास.

"हा एकट्यानंच खायचा," ती म्हणाली. "कोणाला द्यायचा न्हाई. माझी शपथ हाय."

मच्छिंद्रला भरून आलं. बाकीचं खाणं नेहमीसारखं, असाच नियम होता, आणि लाडू हे त्याचं नेहमीचंच खाणं होतं. काट्यावर पोचताच त्याने फडकं सोडलं. आधी वास घेतला. तोंड उघडलं. आणि खोलीच्या दारात नाना उभे. मोटरसायकल बिघडलेली, म्हणून ते पायी आले होते. ऐकू येणार कसं?

तोंडातून शब्द आधी निघून गेले, बिचाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

"या नाना. घ्या थोडं."

नानांनी थोडं घेतलं नाही. लाडूच घेतला. "घरचा दिसतो," म्हणाले, आणि बाकावर बसून चहाच्या दोन कपांबरोबर सावकाश संपवला. शेवटी फडकंही झटकून पाहिलं. मच्छिंद्र खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिला. आईची शपथ मोडल्याचं दुःख मोठं की लाडू गेल्याचं, हे त्याला ठरवता येईना.

साधारण दोन तासांनी नानांचा चेहरा बदलला. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. नाना एका ड्रायव्हरशी भाड्यावरून घासाघीस करत होते, आणि मध्येच थांबले. ऐकल्यासारखं केलं. पण आवाज बाहेरून आला नव्हता.

"मच्छिंद्र, पावती तू फाड," एवढंच म्हणून त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि काटा ओलांडून मागच्या तुरीच्या शेताकडे धाव घेतली. तुरी काढून झाल्या होत्या आणि नुसत्या तुराट्या उभ्या होत्या, त्यामुळे त्यांना बरंच लांब जावं लागलं.

शेताची वाट काट्यावरूनच होती. प्रत्येक खेपेला नानांचं वजन खोलीतल्या डब्यावर लाल आकड्यांत उमटायचं. ऐंशी. परत येताना ऐंशी. पुन्हा जाताना ऐंशी. चौथ्या खेपेला परतताना काटा म्हणाला, सत्तर.

खिडकीतून आकडे बघणारा रांगेतला एक ड्रायव्हर खाली उतरला. "भाऊ, हा काटा बराबर हाय का? का माझा ऊसबी असाच कमी होऊन राह्यला?"

नानांनी माठातून पुन्हा बाटली भरून घेतली.

संध्याकाळी मच्छिंद्र घरी आला तेव्हा दुर्गाबाई उंबऱ्यात बसून होती.

"किती पडले?"

"काय किती पडले?"

"जंत. वावडिंग घातलंय लाडवात, अन् एरंडेलाची अख्खी वाटी. तुझ्या मापानं."

मच्छिंद्र होता तिथेच खाली बसला. ओसरीवरची बादली कलंडली. आधी त्याला वाटलं, वाचलो. मग नाना आठवले आणि हसू फुटलं. मग आकांक्षा आठवली आणि ते आटलं. हे तिला सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आकांक्षा हजर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आधी ती आजीपुढे बसली.

"आजी, तू दही लावतेस ना? दुधात काय घालतेस?"

"इरजण."

"विरजणात काय असतं? दिसतं का काही? पण असतं ना, म्हणून तर दही लागतं. तसंच विरजण आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतं. त्यालाच जंतू म्हणतात. चांगलं असलं तर पोट चांगलं. जाड माणसांचं हे विरजण पुष्कळदा बिघडलेलं असतं. बदाम-अक्रोडातला चोथा आपल्याला पचत नाही, तो खाली जातो आणि हे विरजण त्याच्यावर जगतं. त्याने ते सुधारतं का, एवढंच मला बघायचंय. आणि तू एरंडेल घालून सगळं भांडंच विसळायला निघालीस."

दुर्गाबाईने दह्याच्या गाडग्याकडे पाहिलं.

"मंग पहिल्याच दिवशी इरजण म्हणायचं ना गं," ती म्हणाली. "एवढं शिकली अन् साधा शब्द न्हाई आला तुला. जंतू-जंतू काय लावलं व्हतं!"

आकांक्षाने डोळे पुसले. ती मामाकडे वळली. "मामा, खरं सांगा. एक घास तरी?"

"वास घेतला फक्त. तुझ्या गळ्याची आण."

"माझा विश्वास आहे. पण मॅडमना काल सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मामा तुझा, सांगणारी तू. बाहेरच्या माणसाने सांगितलं तरच धरते. तुमच्या हातातला लाडू तुम्ही खाल्ला नाही, हे वडीगोद्रीत कोणाला पटेल का मामा? मला सांगा."

मच्छिंद्रने प्रामाणिकपणे मान हलवली. त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

"मंग नाना सांगतील," वंदना म्हणाली.

पण नाना सांगेनात. मामा-भाची काट्यावर गेली, तेव्हा नाना शाल पांघरून बाकावर बसले होते. समोर कचरू आणि पाच-सहा ड्रायव्हर. कालची हकिगत तोवर चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती आणि नाना ती दुरुस्त करत होते.

"लाडू? कोणता लाडू? मी रसवंतीवर रस प्यालो व्हतो. बर्फ खराब असतो त्यांचा."

"नाना, तुम्ही इथंच बसून खाल्ला," मच्छिंद्र म्हणाला.

"नोकराच्या फडक्यातलं खायला मी काय उपाशी हाय?"

आकांक्षाचा चेहरा पडला. हातातला फोन तिने पर्समध्ये ठेवला. जायला वळली, तेवढ्यात महामार्गाच्या कडेने दुर्गाबाई येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात फडकं. थेट नानांसमोर येऊन उभी राहिली आणि फडकं सोडलं. तसाच लाडू. तेवढाच.

"कारभारीभाऊ, टपरीवर ऐकलं, तुम्ही काल लाडू खाल्ला न्हाई म्हणता. वाईट वाटलं मला. एवढा केलेला. मंग हा घ्या."

नानांचा हात सवयीने पुढे आला. मग लाडू दिसला. हात चटका बसल्यासारखा मागे गेला, शाल गळून पडली आणि नाना बाक सोडून भिंतीला जाऊन टेकले.

"नको मावशी!" ते दोन्ही हात जोडून ओरडले. "होऊ द्या! होऊ द्या!"

सगळे ड्रायव्हर नानांकडे वळले. एका ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं चालू होतं.

"काय म्हणले?" कचरूने शेजाऱ्याला विचारलं. "नाना 'होऊ द्या' म्हणले का?"

"मीबी ऐकलं," मच्छिंद्र म्हणाला.

आकांक्षाने फोन पुन्हा बाहेर काढला होता आणि मॅडमना लावलाही होता. "काका, सांगता ना आता? काल कोणी खाल्ला?"

नानांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग लाडवाकडे पाहिलं.

"अर्धा," ते म्हणाले.

दुर्गाबाईने लाडू एक बोट पुढे सरकवला.

"सगळा! सगळा मीच खाल्ला, मॅडम! ह्या मच्छिंद्रला कणभर दिला न्हाई! फडकंसुद्धा झटकलं!"

मॅडम हसल्याचा आवाज फोनमधून बाहेर सगळ्यांना ऐकू आला. विसावा माणूस राहिला.

सगळे पांगल्यावर दुर्गाबाईने तो लाडू मच्छिंद्रच्या हातात दिला. तो दचकला.

"खा रे. हा बिनएरंडेलाचा हाय. त्यांना काय ठावं?"

मच्छिंद्रने आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं, आणि मग एकट्याने, कोणालाही "घ्या" न म्हणता, तो खाल्ला. नाना खिडकीतून बघत होते. मध्ये आले नाहीत.

एप्रिलमध्ये दुसऱ्या खेपेच्या वीसही डब्या गोळा झाल्या. मच्छिंद्र त्याची डबी बर्फाच्या पेटीत घालून स्वतः जालन्याला घेऊन गेला. एसटीत शेजारच्या बाईने "खवा का?" विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "न्हाई, इरजण." काही जणांच्या पोटातले चांगले जंतू वाढलेले निघाले, काहींचे होते तसेच राहिले. मच्छिंद्रचे थोडे वाढले होते. त्याचा त्याला अभिमान आहे. वजनाचं विचाराल तर काटा अजून एकशे दहाच म्हणतो. आकांक्षा सांगते, वजन हा विषयच नव्हता. दुर्गाबाई आता रोज सकाळी त्याला विचारते, "इरजण कसं हाय?" आणि तो म्हणतो, "लागलंय."

प्रबंध जूनमध्ये मान्य झाला. पहिल्या पानावर आभार आहेत, त्यात मामाचं नाव आहे, आजीचं आहे आणि आग्रहाने कारभारी नानांचंही आहे.

कचरूचे फुटाण्यांचे पंचेचाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.